घुग्घुसात पांढरा

लटारू पेंटरजवळ दोन शेडकार्डं होती. एक कंपनीचं, कोरं, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. दुसरं अगदी तेच, पण महिनाभर स्वतःच्या घराच्या खिडकीत टांगून ठेवलेलं. घुग्घुसात घर रंगवायचं म्हटलं की गिऱ्हाईक आपणहून हे दुसरं कार्ड मागायचं. भिंत महिन्याभरात तशीच होणार, मग आधीच तो रंग का लावू नये? कोळशाची धूळ बसली तरी दिसायला नको, झालं! लटारू त्याला 'घुग्घुसचं कार्ड' म्हणायचा आणि वर पुन्हा अभिमानाने सांगायचा, "कंपनीचं कार्ड खोटं बोलते, हे नाई बोलत."

त्या दिवशी मात्र त्याने ते कार्ड पुढे केलं आणि कांताबाईने हाताने बाजूला सारलं.

"हे ठेव तुझ्याजवळ. मले पह्यलं दाखव."

"काकू, इथी थे चालत नाई."

"काऊन नाई चालत? पैसे माझे, भिंत माझी, अन् चालत नाई तुले?"

कांताबाई अठ्ठावन्न वर्षांची. तीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं घेतलेली बाई. काट्यावर पोरगं जेवढं भरेल तेवढंच लिहायचं, वरून कोणी कितीही डोळे वटारले तरी आकडा फिरवायचा नाही, ही तिची खोड. त्यापायी तिने सुपरवायझरणीशी दोनदा भांडण काढलं होतं आणि दोन्ही वेळा जिंकली होती. नवरा देवराव, खाणीत डंपर चालवून रिटायर झालेला. कंपनीचं क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा दोघांनी मिळून हा फ्लॅट घेतला. समोरची खोली, आतली खोली आणि दोन माणसं एकदम उभी राहिली तर धक्का लागेल एवढं स्वयंपाकघर. पण स्वतःचं! क्वार्टरमध्ये दर पाच वर्षांनी ठेकेदाराची माणसं यायची आणि कुणाला न विचारता तोच तो पिवळट रंग फासून जायची. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणीतरी विचारत होतं, रंग कोणता लावू?

तिने कोऱ्या कार्डावर पहिल्याच चौकटीवर बोट ठेवलं. पांढरा. शुभ्र पांढरा.

लटारूने देवरावकडे पाहिलं. देवरावने कपाळावर हात मारला.

"डोकं फिरलं हिचं. घुग्घुसात पांढरा! मागून ट्रक चालून राह्यले दिवसभर, अन् हिले पांढरा पाह्यजे."

"त मोतिया करू?" लटारू म्हणाला. "क्रीम हाय. बिस्किट कलर त समद्या बिल्डिंगीत लावला म्या. नाईतर राखाडी."

"बिस्किट मी चहात बुडवते, भिंतीले नाई लावत. पांढरा मनलं ना एकदा."

आता हे नुसतं बाईचं खूळ असतं तर देवराव चार गोष्टी बोलून गप्प बसला असता. पण मामला वेगळा होता. बुद्धपौर्णिमेला घरात वंदना ठेवली, तेव्हा मुलगी रिना मूल गावाहून, सासरहून आली होती, सहा वर्षांच्या खुशबूला घेऊन. समोरच्या खोलीची, बिल्डिंगीमागच्या बाजूला उघडणारी खिडकी उघडी होती. खिडकीखालून, रेल्वेच्या वॅगनीत कोळसा भरतात त्या सायडिंगकडे जाणारा रस्ता, आणि त्या रस्त्याने ताडपत्री न घातलेले कोळशाचे ट्रक. दुसऱ्या दिवशी खुशबूला दम लागला. पोरीच्या बरगड्या आत-बाहेर होताना कांताबाईने डोळ्यांनी पाहिल्या. दोन दिवस चांद्याच्या दवाखान्यात काढले. परत जाताना रिना रडतच म्हणाली, "आई, तू ये मूलले. पण मी हिले इथी नाई आणत आता."

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा फोनवर खुशबू विचारायची, "आजी, मी कधी येऊ?" आणि कांताबाई तिच्या शाळेचा विषय काढायची.

ती गप्प बसणारी नव्हतीच. तिने अर्ज लिहिला, ट्रकवर ताडपत्री घाला, रस्त्यावर पाणी मारा. सह्या घ्यायला जिना चढू-उतरू लागली, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या डोमाजींनी, ते सोसायटीचे सेक्रेटरी, तिला जिन्याखालच्या बोर्डावरचं एक जुनं पत्र दाखवलं. असाच अर्ज मागच्या वर्षीही झाला होता. प्रदूषण तपासणीचे साहेब आले, सहा घरं पाहून गेले आणि महिन्याभराने उत्तर आलं, 'घरांच्या भिंतींवर धुळीचा थर आढळून आला नाही.'

"कसा आढळंल?" कांताबाई तिथंच, जिन्यात, ओरडली. "समद्यायनं धुळीचाच रंग लावून ठेवला!"

डोमाजी हसले. तिला हसू आलं नाही. वर येऊन तिने लटारूला फोन लावला होता तो त्याच दिवशी.

पण देवराव ऐकेना. साहेब येतील न येतील, तोवर मळक्या भिंतीत आपण राहायचं, आला-गेला हसणार, हे त्याला पटत नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट त्याच्या मनात होती, ती त्याने शेवटी बोलून टाकली.

"कोळशानं पोसलं आपल्याले, कांता. त्याच्याच नावानं बोंबलायचं का आता?"

"पोसलं. मी कुठी नाई मनते? तुमी घाम गाळला मनून पोसलं, फुकट नाई. अन् पोसलं मनून काय नातीच्या छातीत भरू द्यायचा?"

"पांढरं मळते, एवढंच सांगून राह्यलो मी."

"मळू द्या! वंदनेले पांढरे कपडे घालून बसता ना तुमी? मळतीन मनून राखाडी घालून बसले का कधी?"

देवराव तीन दिवस तिच्याकडे पाठ करून जेवला. चौथ्या दिवशी कांताबाईनेच वाटणी करून टाकली. समोरची खोली तिची, आतली त्याची. ज्याने त्याने आपला रंग निवडायचा. देवरावने ऐटीत 'घुग्घुसचं कार्ड' मागून घेतलं, खिडकीशी नेऊन दोनदा पाहिलं आणि त्यातला सगळ्यात राखाडी राखाडी निवडला.

पंधरा ऑक्टोबरला चांद्याला दीक्षाभूमीवर जायचं, त्याआधी घर झालं पाहिजे, असं तिने बजावलं होतं. लटारूने पुट्टी मारली, घासली, प्रायमर लावला आणि पांढऱ्याचे दोन कोट दिले. दुसरा कोट वाळला, तशी खोली एकदम मोठी झाली. लटारू स्वतःच दारात थबकून पाहत राहिला. मग खिडकीसमोरच्या भिंतीवर त्याने उंच खिळा ठोकला आणि तथागत आणि बाबासाहेब शेजारी शेजारी असलेली मोठी तसबीर तिथे लावून दिली.

डोमाजी बघायला आले. "कांताबाई, दवाखाना उघडून राह्यल्या का?"

"हो. डोळ्याचा. तुमचेच पह्यले तपासते, या."

सह्यांचा अर्ज तिने पाठवला होता, आणि तपासणीचे साहेब दिवाळीनंतर येणार होते. दिवाळी गेली, साहेब आले नाहीत. कांताबाईने दर सोमवारी ऑफिसात फोन करायचा आणि पलीकडच्याने दर सोमवारी 'पुढच्या आठवड्यात' म्हणायचं. इकडे भिंत आपलं काम करत होती. आधी खिडकीसमोर एक सावली पडल्यासारखं झालं. मग पंख्याच्या बाजूने, मग सगळीकडे. कांताबाईने घरात एकच कायदा केला. फरशी पुसायची, तसबिरीची काच पुसायची, पण जागची न हलवता. भिंतीला फडकं लावायचं नाही. एकदा ती बाजारातून आली तर देवराव ओलं फडकं घेऊन स्टुलावर चढलेला.

"हात लावाल त पाहा!"

"अवो, लोक काय मनतीन? बाई घर ठेवत नाई मनतीन."

"मनू द्या. तीस वर्सं घर ठेवलं, कोणी मेडल नाई देलं."

फडकं तिने त्याच्या हातातून ओढून घेतलं. पण खरं सांगायचं तर तिलाही ती भिंत बघवत नव्हती. जिची चूल दिवसातून दोनदा लख्ख व्हायची, त्या बाईला मळकी भिंत घेऊन बसायचं म्हणजे किती जिवावर येत असेल! शेजारणी चहाला आल्या की भिंतीकडे बघून एकमेकींना डोळ्यांनी खुणावत. तिला दिसायचं. मरणाची लाज वाटायची. तरी तिने फडकं उचललं नाही.

जानेवारी संपता संपता साहेब आले. तरुण होते, बोलायला चांगले, हातात पुठ्ठ्यावर लावलेले छापील कागद. तळमजल्यावरची दोन घरं पाहिली. राखाडी. पहिल्या मजल्यावर डोमाजींकडे बिस्किट. तिथे चहा झाला आणि डोमाजीही बरोबर निघाले. प्रत्येक घरात साहेब भिंतीकडे एकदा बघत, 'स्वच्छ' म्हणत आणि खूण करत. कांताबाई मागून चालत होती आणि प्रत्येक खूण मान उंच करून बघत होती. दुसऱ्या मजल्यावर तिच्या घरात आले, चपला काढल्या, चहूकडे पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले,

"वा! रंग छान निवडलाय, बाई. हा हलका ग्रे सध्या फार चालतो."

आणि कागदावर 'भिंतीचा रंग' या रकान्यात त्यांनी लिहिलं, ग्रे.

कांताबाईचं डोकं सणकलं. ती तसबिरीकडे धावली, हात वर केले, पण लटारूने खिळा उंच ठोकलेला आणि तिचा उजवा खांदा धरलेला. टाचा उंच करूनही हात पुरेना. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं. तेवढ्यात मागून स्टूल सरकल्याचा आवाज झाला. देवराव. सकाळपासून खाटेवर मुकाट बसलेला देवराव उठला होता. तो स्टुलावर चढला, तसबिरीला हात जोडले आणि दोन्ही हातांनी ती खाली काढली.

मागे पांढरं होतं. लख्ख, कापून काढल्यासारखं चौकोनी पांढरं. त्याच्या चारी बाजूंनी साडेतीन महिन्यांचा कोळसा.

डोमाजी तोंड उघडं टाकून बघत राहिले. देवराव तसबीर छातीशी धरून स्टुलावरच उभा होता. भिंत जराशी मळली आहे असंच तो इतके दिवस समजून होता. रोज पाहून पाहून त्याचे डोळे सरावले होते.

"हा रंग हाय साहेब," कांताबाई म्हणाली. "घुग्घुसात मी लावलेला."

साहेबांनी घसा खाकरला. "धूळ काय, बाई, कुठूनही येते. स्वयंपाकाची काजळी असते..."

"काजळी? बोट लावा. स्वयंपाकघरातल्या भिंतीले बी लावा, अन् हिले बी लावा."

साहेबांनी समोरच्याच भिंतीवर बोट ओढलं. काळंभोर. रुमालासाठी त्यांचा दुसरा हात खिशाकडे गेला.

"पुसू नका," ती म्हणाली. "त्याच हातानं लिहा. ग्रे खोडा. पांढरा लिहा, अन् त्याच्यावर काय बसलं थेही लिहा."

साहेब घुटमळले. तेव्हा स्टुलावरून देवराव बोलला. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"लिहा साहेब. तीस वर्सं डंपर चालवला म्या. मले वाटे, घरी येऊन आंघोळ केली की गेला कोळसा. भिंतीवर एवढा, त पोरीच्या आतमदी केवढा?"

साहेबांनी ग्रे खोडलं. पांढरा लिहिलं, खाली आणखी चार ओळी लिहिल्या. कागदाच्या कोपऱ्यावर त्यांच्या बोटाचा काळा ठसा उमटला, तोही तसाच राहिला. मोबाइलवर भिंतीचे फोटो घेतले. उतरताना त्यांनी डोमाजींच्या दारात थांबून विचारलं, "तुमच्याकडेही तसबिरी असतील ना भिंतीवर? जरा काढून दाखवता का?"

डोमाजींनी संध्याकाळी लटारूला फोन लावला. रंग कोणता पाहिजे ते फोनवर नाही सांगितलं. म्हणाले, "येतानी दोन्ही कार्डं आण. थे कोरं आधी दाखव."

देवरावने बाजूच्या भिंतीवर नवा खिळा ठोकून तसबीर तिथे लावली. मग म्हणाला, "आता तरी पुसू का भिंत?"

"पुसू नका. अन् थो चौकोन असाच उघडा राहू द्या."

तिने रिनाला फोन लावला. सगळं सांगितलं. रिना आधी हसली, मग म्हणाली, "म्हणजे खुशबूले पाठवू का आता?"

फोनजवळच खुशबू असणार, तिचा श्वास ऐकू येत होता. 'पाठव' हा शब्द कांताबाईच्या अगदी ओठांवर आला. तीस वर्षं तिने काट्यावरचा आकडा फिरवला नव्हता.

"आत्ता नको, माय. भिंतीवर एक पांढरा चौकोन उघडा ठेवला म्या. महिनाभर थो पांढरा राह्यला, त त्याच दिवशी पाठव."

"अन् नाई राह्यला त?"

खिडकीखालून एक ट्रक गेला. ताडपत्री नव्हती. कांताबाईने खिडकी लावली नाही, ट्रकचा नंबर तेवढा पाहून घेतला.

"त साहेबाले पुन्हा आणीन इथी. अर्धा डबा रंग उरला हाय, रिना. अन् मी बी हाय."