नियमात बसणारं पाणी

पाणी पिऊन दाखवणं हे काही केमिस्टबाईंचं काम नव्हतं, पण ते त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. पाण्यावरून ओरड झाली की जलशुद्धीकरण केंद्राचे साहेब सभा बोलवत, टेबलावर नळाच्या पाण्याचा जग ठेवत आणि बाईंना पुढे करत. बाई गटागटा ग्लास रिकामा करत आणि लोकांचा जीव भांड्यात पडे.

या खेपेची ओरड नदीच्या वरच्या अंगाच्या कारखान्यावरून होती. तव्यांना अन्न चिकटू नये म्हणून लेप देणारा कारखाना. त्याचं रसायन नदीत उतरत होतं आणि केंद्रातल्या वाळूच्या गाळणीला अजिबात दाद देत नव्हतं. बाईंनी ते तपासून साहेबांच्या कानावर घातलं होतं. साहेब म्हणाले होते, "बाई, ज्याला मर्यादाच ठरलेली नाही, ती ओलांडली कशी म्हणायची?" बाईंना उत्तर सुचलं नाही. खरं तर सुचलं होतं. पण निवृत्ती तोंडावर आली होती, म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

त्याच आठवड्यात मात्र लेकीच्या स्वयंपाकघरात त्यांनी कोळशाचा फिल्टर बसवून घेतला. "सेलमध्ये मिळाला," म्हणाल्या.

लेक हसली. "जन्मभर नळाच्या पाण्याचे गोडवे गायलीस, आणि नात झाल्यावर हे फॅड?"

सभेला ती लेकही आली, तान्हीला कडेवर घेऊन. पहिल्या रांगेत भोंगा बसला होता. हा निवृत्त ड्रायव्हर. आवाजामुळे सगळा भाग त्याला भोंगाच म्हणायचा.

"पाण्यात काही आहे की नाही, एका शब्दात सांगा!" तो गरजला.

"पाणी नियमात बसतं," बाई म्हणाल्या. यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर गोम होती. त्यांनी ग्लास रिकामा केला. साठीला टेकलेल्या बाईचं एका ग्लासानं काय बिघडणार! साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग लोकांनीही वाजवल्या.

त्या आवाजानं तान्ही दचकली आणि तिनं भोकाड पसरलं. लेकीनं बाटलीत दुधाची पावडर घातली, पण पाणी घरीच राहिलं होतं. आईनं आत्ताच ज्यातलं पाणी पिऊन दाखवलं, तो जग समोर होता. तिनं तो उचलून बाटलीवर तिरपा केला.

बाई टेबलाला वळसा घालून धावल्या आणि त्यांनी बाटलीच्या तोंडावर तळहात धरला. पाणी त्यांच्या मनगटावरून खाली ओघळलं.

"हे नको. तिला नको."

लेक बघतच राहिली. "म्हणून तो फिल्टर?" ती हळूच म्हणाली. पण बाईंच्या गळ्याशी अडकवलेला माइक चालू होता.

दोघींचंही बोलणं सभागृहभर ऐकू गेलं. भोंगा उठला. त्याचा आवाज आज जेमतेम टेबलापर्यंत पोचला.

"बाई, आमच्या सुनेला पाचवा महिना आहे. तुम्ही पिऊन दाखवता म्हणून ती हेच पिते. आमच्याकडे नाही हो फिल्टर."

"बाई, खाली बसा," साहेब म्हणाले.

बाई बसल्या नाहीत. लाजेनं त्यांचे कान तापले होते. "तिलाही देऊ नका," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" भोंग्यानं विचारलं.

बाईंनी मनातल्या मनात महिने मोजले.

"तिला दिवस जायच्या आधीपासून."