परवाची पिशवी

अँजिओग्राफीच्या आधी दवाखान्यानं माझ्या सासूबाईंची येत्या परवाची लघवीची पिशवी माझ्या हातात आणून दिली. ती रिकामी होती. नळीसकट कोरडी ठणठणीत.

"हे काय?" मी विचारलं.

"अंदाज," सिस्टर शोभना म्हणाल्या. "हृदयाच्या नळ्या दिसाव्यात म्हणून आत डाय सोडतात. काहींच्या किडनीला तो झेपत नाही. परवा काय होणार ते आधी कळलेलं बरं."

"म्हणजे ह्यांची किडनी बसणार?"

"पिशवी तसं म्हणते."

चहात साखर कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं आणि गेल्या.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाकावर हात जोडून बसल्या होत्या. सकाळपासून उपाशी राहा, एवढंच दवाखान्यानं सांगितलं होतं. पण आत्याबाईंचा उपास देवाचा असो की डॉक्टरांचा, कडकच. कालपासून पाण्याचा थेंब नाही. त्यात नंबर सारखा पुढं ढकललेला. ओठांना चिरा पडल्या होत्या. माझं डोकंच फिरलं. मी बाटली उघडून त्यांच्या तोंडाला लावली.

"उपास मोडतोय, शालन."

"मोडू दे."

त्यांनी एक घोट घेतला आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीत एक थेंब पडला. प्लॅस्टिकमधून तो मांडीला गरम लागला. दुसरा घोट दिला, दुसरा थेंब पडला.

तेवढ्यात डॉक्टर हेरलेकर अँजिओग्राफीच्या लॅबच्या दारात आले. मी त्यांना हाक मारली आणि त्यांच्यादेखत आत्याबाईंना आणखी एक घोट पाजला. डॉक्टरांनी चष्मा सारखा करून पिशवीत पाहिलं.

"पडला," ते म्हणाले.

"मग आज थांबा. रात्रभर सलाईन लावा, उद्या करा. डाय जरा कमी वापरा. घाई नाही असं काल तुम्हीच म्हणाला होता."

"बरोबर आहे तुमचं."

आमचा बाक हातभर लॅबकडं सरकला.

"बरोबर आहे तर करा की."

"लॅब आज मोकळी आहे."

बाक पुन्हा सरकला. मी पाय रोवले तर फरशीही बरोबर सरकली. मागं वळून पाहिलं, तर आम्ही आलो तो कॉरिडॉर उरला नव्हता. भिंत माझ्या पाठीला टेकली होती.

"मग हा अंदाज काढता कशाला? शोभेला?"

"आधी सांगितलं होतं, असं म्हणता यावं म्हणून," डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, म्हणून मला जास्तच चीड आली. माझ्या हातात थेंब होते, गरम, आणि हा शहाणा माणूस ते पाहून मान डोलावत होता.

वॉर्डातल्या मामांनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि बूच लावून खिशात टाकली.

"जाऊ दे, शालन," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा नको."

मला त्यांचाही राग आला. मरतानासुद्धा ही बाई दुसऱ्याची सोय बघणार.

"खोळंबू दे सगळे," मी म्हणाले. "तुम्ही उठायचं नाही."

त्या उठल्या नाहीत. बाकच त्यांना घेऊन आत गेला. मी होते ती बाजू बाहेर राहिली आणि दार मधोमध बंद झालं. पिशवीची नळी दाराखालून आत ओढली गेली होती. पिशवी माझ्याकडं होती.

मी दार बडवलं. शिव्या दिल्या. आतून मशिनची घरघर ऐकू आली, आणि पिशवीतला पहिला थेंब नळीतून वर चढायला लागला. दाराच्या दिशेनं. त्याच्यामागून दुसरा. मी खाली बसले आणि तिसरा चढायच्या आत नळी अंगठ्यानं फरशीवर दाबून धरली.

घरघर थांबली.

"शालनताई," डॉक्टर आतून म्हणाले, "नळी सोडा. डाय पुढं जात नाही."

"सलाईन लावा, मग सोडते."

"सोड गं," आत्याबाई म्हणाल्या. "सगळी ताटकळलीत."

भिंत माझ्या खांद्यांपर्यंत आली होती. मी दुसरा अंगठाही पहिल्यावर ठेवला. नख पांढरं पडलं. त्याच्याखाली काहीतरी गरम, आत जायला, धडका देत होतं.