घृतानंदांचा चमचा

राहनाळ गावात टेम्पोवाल्या रघूच्या ओट्यावर रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. मोबाइल डब्याला टेकवलेला आणि त्यात घृतानंद महाराज. एक मुलगा फीट येऊन तडफडतोय, महाराज त्याच्या तोंडात तुपाचा चमचा सोडतात आणि थोड्याच वेळात मुलगा शांत!

"डॉक्टर हरले, तूप जिंकलं! भात-भाकरी हेच मिरगीचं मूळ! गोळ्या म्हणजे मेंदूला गंज! पाहा, पटवा, पुढे पाठवा!"

बायका मोबाइललाच हात जोडायच्या. महाराजांचा आशीर्वाद फुकट होता, तुपाचा डबा तेवढा विकत होता.

रघूच्या बायकोला, चंद्राला, हात जोडण्यावाचून दुसरं सुचत नव्हतं. तिच्या लेकीला, नेत्राला, गेलं वर्षभर फीट येत होती. वर्गातल्या पोरी तिच्या शेजारी बसेनात. गोळ्यांनी फीट कमी झाली होती, पण गेली नव्हती.

"गोळ्या सोड गो, तूपच दे," शेजारची गोदूकाकी म्हणाली. "डोल्यांनी बघतंय ना आपून? मंग खोटं कसं?"

चंद्राने गोळ्या बंद केल्या. भाकरीही बंद केली.

आठवडा सरायच्या आत नेत्राला अशी फीट आली की थांबेचना. चंद्राने आवळलेल्या दातांमधून तूप ओतलं. पोर निळी पडली. रघूने तिला गोडाऊनच्या टेम्पोत घालून इस्पितळ गाठलं.

तूप श्वासनळीतून छातीत उतरलं होतं. नेत्रा वाचली, पण थोडक्यात. डॉक्टर अमरीन रागावल्या नाहीत, त्यामुळे चंद्राला जास्तच रडू आलं.

"पण म्याडम, व्हिडिओतला पोरगा थांबला. मी बघितला ना!"

"तुपाच्या आधी गावात फीट आली की काय करायचे?"

"चप्पल हुंगवायचे. कोनी कांदा."

"मग थांबायची?"

"थांबायची की."

"चपलेने पण, कांद्याने पण, तुपाने पण?" अमरीन म्हणाल्या. "बहुतेक फीट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, चंद्राताई. तेवढ्यात जो हातात काही घेऊन उभा असतो, त्याचं नाव होतं. तूप न देता काय होतं, ते त्या माणसाने कधी दाखवलंय?"

चंद्राने नकारार्थी मान हलवली.

"असा तुपाचा, भात-भाकरीशिवायचा आहार खरंच असतो. ज्यांची फीट गोळ्यांनी आवरत नाही अशा काही मुलांना आम्हीच देतो. पण मोजून, रक्त तपासून, गोळ्या आपल्या मनाने बंद न करता. त्याने त्यातलं अर्धंच उचललं आणि दुकान मांडलं."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि फीट आली तर काय करायचं तेही अमरीन यांनी शिकवलं. ओट्यावर बायका मात्र अजून जमायच्याच. पुढे एका रविवारी, ओटा भरलेला असतानाच नेत्रा फीट येऊन पडली. गोदूकाकी चप्पल घेऊन धावली, दुसरी चमचा घेऊन.

"कोनी हात लावायचा न्हाय!" चंद्रा ओरडली. तिने पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली लुगड्याची घडी सारली आणि घड्याळाकडे बघत बसली. फीट पाच मिनिटांवर गेली तर थेट इस्पितळ, म्हणून रघू टेम्पो चालू करून उभा होता. मोबाइलमध्ये महाराज बडबडतच होते. आपलं चुकलं तर?

नेत्राची मूठ सैल झाली. श्वास नीट चालू लागला.

"आता सांगा," चंद्रा म्हणाली, "कोनाचा गुन आला?"

गोदूकाकीच्या हातातली चप्पल हातातच राहिली. मग तिनेच पुढे होऊन मोबाइल बंद केला.

पडद्यावरचा चमत्कार बघून हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे केलं नसतं तर काय झालं असतं? आणि उत्तर मिळेपर्यंत लेकराची गोळी चुकवू नका.