कोणतं वाक्य गेलं तर चालेल?

आत्याचं सगळं आयुष्य लोकांना पोहायला शिकवण्यात गेलं. तलावाच्या काठावर उभी राहून ती पलीकडच्या टोकाला गेलेल्या पोराला नुसत्या हाकेवर परत वळवायची. निवृत्त झाल्यावर तो आवाज घरात मावेना. शेवटी भाचाच तिला आपल्या हौशी नाटक मंडळात घेऊन गेला. तिथे तिच्याकडे पडदा ओढायचं काम आलं. आवाजाचा उपयोग झाला नाही, पण दंड मजबूत असल्यामुळे पडदा मात्र कधी अडकला नाही.

भाचा नोकरीसाठी तिच्याकडेच राहायचा. चष्म्याच्या दुकानात कामाला होता, वय पंचविशीचं. मंडळात त्याला सगळे पोपट म्हणत. एकदा वाचलं की त्याला पाठ! स्वतःचं तर सोडाच, इतरांचं काम, कोणी कुठल्या दारानं यायचं, कप उजव्या हातात की डाव्या, सगळं मुखोद्गत. तालमीत कुणी अडखळलं की पोपट पुढचा शब्द पुरवी, आणि तोसुद्धा न मागता. त्यामुळे तो मंडळात फार उपयोगी होता आणि तितकाच नकोसाही.

या वेळचं नाटक दिग्दर्शकानं स्वतः लिहिलेलं होतं. दिग्दर्शक म्हणजे चौकातले दातांचे डॉक्टर. गोष्ट साधीच. मुलगा घरच्यांपासून काहीतरी लपवतोय असा एका आईला संशय येतो, म्हणून ती बहिरी झाल्याचं सोंग घेते. मग लोक तिच्यासमोर बिनधास्त बोलू लागतात. मुलाला परदेशी नोकरी लागलीय आणि आईला सांगायची त्याची हिंमत होत नाही, हे तिला असं बसल्या जागी कळतं. आईचं काम औषधांच्या दुकानवाल्या ताई करत होत्या आणि मुलाचं पोपट.

प्रयोग चार दिवसांवर आला आणि ताईंचा आवाज बसला. बसला म्हणजे पारच गेला. स्वतःच्याच दुकानातल्या सगळ्या गोळ्या चघळून झाल्या, पण घशातून नुसती हवा येत होती. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांची नजर हळूहळू पडद्याच्या दोरीकडे गेली.

"तुम्ही सगळ्या तालमी पाहिल्यात ना?" त्यांनी आत्याला विचारलं.

"पाहिल्यात. पण माझं लक्ष दोरीकडे असायचं."

"आवाज आहे तुमचा. बाकी पोपट पाठ करून घेईल."

आत्या हो म्हणून बसली.

पोपटानं शिकवणी आपल्या पद्धतीनं सुरू केली. पहिल्या पानावरच्या पहिल्या वाक्यापासून. ते पक्कं झालं की दुसरं. स्वयंपाकघराच्या टेबलाशी आत्या डोळे मिटून पुटपुटत बसायची. रात्री पाठ झालेलं पान सकाळी अर्धं पुसलेलं असायचं.

"आत्या, 'अगं बाई, दार वाजलं का' असं आहे. तू 'कोण आलं' म्हणालीस."

"अर्थ तोच ना?"

"अर्थ तोच, पण लिहिलंय तसं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या बाजारातून परतली. पोपट खिडकीशी उभा राहून डॉक्टरांशी फोनवर बोलत होता. दार उघडल्याचं त्याला कळलं नाही. "नाही हो, आत्याला नाही जमणार. अजून पहिल्याच अंकात अडकलीय. वय झालंय तिचं. प्रयोग पुढे ढकलता येतो का बघा."

आत्यानं भाजीची पिशवी दारातच ठेवली आणि ती तशीच पायऱ्या उतरून खाली गेली. तिला राग आला होता, पण भीती त्याहून जास्त होती, कारण पोरगा खोटं बोलत नव्हता. तलावावर दरवर्षी नवी मुलं यायची, एकजात सगळ्यांची नावं तिला पहिल्याच आठवड्यात यायची. अलीकडे शेजारणीच्या सुनेचं नावसुद्धा जिभेवर येऊन परत फिरायचं. ती बागेला एक चक्कर मारून आली. मग दुसरी मारली. दुसऱ्या चकरेत तिच्या डोक्यात आलं, की नावं गेली खरी, पण कुठल्या पोराला पाण्याची धास्ती होती आणि कोण दम लागला तरी सांगत नसे, हे आजही एकेकाचं सांगता येईल. ते कुणी पाठ करून घेतलं नव्हतं.

ती थेट डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. आत कुणीतरी तोंड उघडून बसलं होतं.

"डॉक्टर, यातली कोणती वाक्यं गेली तर नाटक कोसळेल?"

डॉक्टरांच्या हातातलं हत्यार हवेतच थांबलं. "कोसळेल म्हणजे? सगळीच महत्त्वाची आहेत! मी एकेक शब्द तोलून लिहिलाय!"

"बरं," म्हणून आत्या बाहेर पडली. लेखकाला विचारण्यात अर्थ नव्हता. मग ती नटांकडे गेली. सुनेचं काम करणारी मुलगी फुलांच्या दुकानात असायची, शेजाऱ्याचं काम करणारे गृहस्थ पतपेढीत. प्रत्येकाला तिनं एकच प्रश्न विचारला, "माझ्या कुठल्या शब्दावर तुम्ही तोंड उघडता?" ताईंकडेही ती गेली. ताईंनी खुणा करून आणि ओठ हलवून तिला जिथे हमखास हशा यायचा त्या जागा दाखवल्या. एवढंच आत्यानं उचललं. बाकीची पानं तिनं नुसती वाचली, गोष्ट वाचावी तशी, आणि मिटून ठेवली.

"मधलं काय करणार तू?" पोपटानं धास्तावून विचारलं.

"मधलं बोलेन की. बोलता येतं मला."

प्रयोगाच्या संध्याकाळी वाचनालयाचा हॉल भरला. घडीच्या खुर्च्या कमी पडल्या, तरणी मंडळी भिंतीला टेकून उभी राहिली. आवाज नसलेल्या ताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. डॉक्टर विंगेत संहिता घेऊन उभे होते, पण त्यांना वाक्य सापडेपर्यंत आत्या कुठच्या कुठे पोचलेली असायची. ती मनानंच बोलत होती. तरी फिरून फिरून नेमकी त्या शब्दावर यायची, जो समोरच्याला हवा होता. सून वेळेवर भडकली, शेजारी वेळेवर शिंकला. लोक हसत होते. डॉक्टर मात्र पानं उलटीसुलटी करत होते. "हे कुठंय? हे मी लिहिलंच नाही!"

दुसऱ्या अंकात अडलं, ते पोपटाचं. आत्या स्वतःच्या शब्दांत बोलली आणि शेवटचा शब्द तिनं बरोबर दिला. पण पोपटाला त्याच्या आधीची दोन वाक्यं ऐकायची सवय होती. ती आलीच नाहीत. त्याच्या डोक्यात सगळं नाटक एकदम उसळलं. सुनेचं, शेजाऱ्याचं, तिसऱ्या अंकातलं, सगळीच वाक्यं दाराशी गर्दी करून उभी, आणि बाहेर एकही पडेना. तो पुतळ्यासारखा उभा राहिला. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं.

आत्यानं त्याच्याकडे बघितलं. पाण्यात जो ओरडतो त्याचं फारसं काही बिघडलेलं नसतं. जो अचानक गप्प होतो, त्याच्याकडे आधी धावायचं. ती उठली, त्याच्याजवळ गेली आणि तिनं त्याची हनुवटी धरली.

"असा गप्प का झालास रे? तुझी बॅग भरलेली दिसली मला पलंगाखाली. कुठे निघालास, ते तरी सांग."

बॅग नाटकात नव्हतीच. पण पोपटाच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "आई, मी चाललोय गं. लांब चाललोय." ते इतकं खरं वाटलं, की मागच्या रांगेत एका बाईनं डोळ्यांना रुमाल लावला.

"काय? जांभई येतेय?" आत्या ओरडली. हॉल हसून लोळायचा बाकी राहिला. पोपटाचा जीव भांड्यात पडला. तिथून पुढे त्याची वाक्यं रांगेत येत गेली.

शेवटच्या प्रवेशात मात्र घोटाळा व्हायचा होता. आई दाराकडे पाठ करून बसलेली असते, मागे सुनेच्या हातातून ताट पडतं, आई दचकून वळते आणि तिचं सोंग उघडं पडतं. सगळं नाटक त्या वळण्यावर उभं होतं. पण त्या क्षणी कुणीच काही बोलत नसल्यामुळे तिथला शब्द आत्याला कुणी सांगितला नव्हता, आणि पानावर वाचलेलं केव्हाच पुसलं होतं. ती आली आणि ऐसपैस बसली, ती दाराकडे तोंड करून. डॉक्टरांनी संहिता खाली टाकली. सून ताट घेऊन दाराआड थबकली.

खुर्ची पोपटाला आठवत होती. कुठली, कुठे, पाय कुठल्या बाजूला, सगळं. त्याला तिथे एकही वाक्य नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तो न लिहिलेलं बोलला.

"आई, इथे डोळ्यांवर उजेड येतो. तिकडे बस."

"बस? आता कुठली बस? आज सुट्टी आहे ना!"

"अगं, खुर्चीत! खुर्चीत बस!" त्यानं तिला दंडाला धरून उठवलं आणि दुसऱ्या खुर्चीत बसवलं. वाकताना तो तिच्या कानात पुटपुटला, "ताट पडेल, वळ."

ताट पडलं. आत्या अशी दचकून वळली, की पहिल्या रांगेतल्या ताईंच्या गेलेल्या घशातूनसुद्धा एक चीत्कार निघाला. मग टाळ्या सुरू झाल्या आणि पडदा ओढायला कुणीच नाही हे लक्षात आलं. शेवटी आत्यानंच जाऊन तो ओढला. त्यावर आणखी टाळ्या पडल्या.

मागच्या खोलीत डॉक्टर फणफणत आले. "निम्मं नाटक माझं नव्हतं!" तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ आत शिरले आणि डॉक्टरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "ती पलंगाखालची बॅग! काय लिहिलंय हो तुम्ही!" डॉक्टरांनी एकदा आत्याकडे बघितलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "हो, ते... जरा सुचलं."

पुढच्या महिन्यात दुसरा प्रयोग ठरला. आई आत्याच करणार होती. ताईंनी आनंदानं पडद्याची दोरी मागून घेतली, चार महिने घरच्यांना तेच तेच संवाद ऐकवून त्या कंटाळल्या होत्या. डॉक्टर पेन काढून आत्यासमोर बसले. "आज तुम्ही जे जे बोललात ते सांगा. लिहून घेतो."

आत्या बोटांवर मोजायला लागली आणि दुसऱ्याच बोटाशी थांबली. "बॅगेचं काहीतरी होतं. आणि ती बस. बाकी काही आठवत नाही बाई."

"काहीच नाही?"

"मला सांगा, डॉक्टर," पोपट म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. मग त्यानं पहिल्या अंकापासून सुरुवात केली. आत्या कुठल्या वाक्यावर थांबली, कुठे तिनं उसासा टाकला, शेजाऱ्याच्या शिंकेला काय उत्तर दिलं, सगळं जसंच्या तसं. डॉक्टर भराभर लिहीत होते. आत्या चहाचा कप हातात धरून ऐकत होती. मध्येच स्वतःच्याच एका वाक्याला ती इतकी हसली, की चहा बशीत सांडला.

"हे मी म्हणाले? बरं म्हणाले की! पुढं काय म्हणाले?"