सरोज मोघे यांनी न दिलेला राजीनामा

चंडीगडच्या महाराष्ट्र मंडळाची स्मरणिका निघणार होती. संपादक राजाभाऊंना सरोज मोघेंचा विनोदी किस्सा हवा होता. नात इराने कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडे देश, उजवीकडे आजी.

१९८४. पंजाबात संचारबंदी. | नवऱ्याच्या सरकारी बदलीमुळे साताऱ्याहून आलेली आजी तीन दिवस घरात. एकच डाळ, रोज वेगळं नाव सांगून वाढली.

१९९१. देशाने जगाला दारं उघडली. | आजी डेराबस्सीला, औषधाच्या कारखान्यात. तेजाबाच्या पाण्यात बाटल्या धुवायच्या, हातमोजे नाहीत. बारा बायकांच्या हातांची सालं निघाली. बाराजणींनी तक्रार केली. मॅनेजरने कागद पुढे केला, "राजीनामा है जी, साइन कर दो."

अकराजणींनी सही केली. आजी ओरडली, "मर जाएगी, पर राजीनामा नहीं देगी!"

उजवा रकाना इथे पुरेनासा झाला. तिकडच्या हिंदी-पंजाबीत राजीनामा म्हणजे समझोता. तक्रार मागे घ्या, कामावर या, एवढंच त्या कागदात होतं. आजीला वाटलं, नोकरी सोडायला सांगतायत. नऊ दिवस ती फाटकाबाहेर बसली. दहाव्या दिवशी सगळ्यांना हातमोजे आले. आजोबा, म्हणजे रघुनाथराव, प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, "आमच्या हिला हिंदी येत नाही, म्हणून बाराजणींचे हात वाचले!"

२०२०. टाळेबंदी. | आजोबा गेले. पोचवायला चौघंच.

"बाकी काही नको," इरा म्हणाली. "वो राजीनामावाला पार्ट ही हिट है, आजी."

आजी भेंडी चिरत होती. "अर्थ मला दुसऱ्याच दिवशी कळला होता. सही केलेल्यांतली बलजीत बाहेर येऊन म्हणाली, पगली, समझौता है, साइन कर और अंदर आ."

"फिर?"

"म्हटलं, असं असेल तर मुळीच नाही."

इराचं पेन थांबलं. "मतलब बाकी आठ दिन... और आजोबा?"

"त्यांना कारखान्याच्या सांगण्यावरून त्यांच्या ऑफिसातल्या साहेबांनी बोलावलं. बायकोला आवरा, नाहीतर आसामला पाठवतो. हे म्हणाले, साहेब, तिला भाषाच कळत नाही, समजावतो. रोज समजवायला यायचे. डबा घेऊन."

"और जोक?"

"साहेबांपुढे केलेलं नाटक. मग घरातही तेच चालू राहिलं. त्यांना मजा वाटायची, मी हसू दिलं."

"राजाभाऊ अंकल को तो जोक ही चाहिए."

"त्यांना काय हवं ते राहू दे." आजीने विळी आडवी केली. "चौऱ्याहत्तर वर्षांची झाले. एकदा तरी शहाणी म्हणून छापून येऊ दे मला."

इराने सगळा किस्सा खोडला. नवी ओळ मराठीत लिहायला घेतली आणि तिसऱ्याच शब्दाला अडली.

"आजी, 'जाणूनबुजून' में न कौनसा?"

"पहिला बाणातला. पुढचे दोन्ही नळातले."