भरिताच्या वांग्याचा रंग

धरणगावात पाटी रंगवायची म्हणजे कौतिक पेंटर, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. ट्रॉलीमागचा मोर असो की कापसाच्या जिनिंगच्या भिंतीवरची हातभर अक्षरं, लोक दुसऱ्याचं नाव घेत नसत. मग कंपवातानं त्याचा उजवा हात धरला. आधी रेघ हलली, मग ब्रश, आणि पुढे तर चहाची बशीसुद्धा वाजायला लागली. कौतिकनं रंगाचे डबे फळीवर ठेवले ते ठेवलेच. त्याची बायको झुंबरबाई डब्यांवरची धूळ पुसायची आणि घरातल्या मुकाट माणसाकडे बघत बसायची.

झुंबरबाईचा भाऊ रतिलाल जळगावला टीव्ही दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या कुठल्याशा ऑफिसातला जुना कॉम्प्युटर त्यानं बहिणीच्या घरी आणून टाकला. माउस दाजींच्या हातात ठरेना, पण बाणाच्या कळा होत्या. कळ दाबली की पडद्यावरचा ठिपका एक घर सरके आणि मागे रेघ सोडे. बोट कितीही थरथरो, ठिपका आपला सरळ! कौतिकला त्याचं वेड लागलं. ते वेड महिनाभरच टिकलं, कारण पडद्यावर रंग होते अवघे सोळा.

"हायी काय रंग शेतस? पोरेसनी रंगपेटी शे," तो वैतागला. "रंग कालवता येत नही ते मी पेंटर कसाना?"

रतिलालनं कॉम्प्युटरची पेटी उघडून दाखवली. दोष पडद्याचा नव्हता. पडद्यावर चित्र धाडणारं आतलं कार्ड जुनं होतं, त्याच्या डोक्यात सोळाच्या वर रंग मावत नव्हते. नव्या कॉम्प्युटरचं नाव काढायची सोय नव्हती. पण नुसतं कार्ड बदलता येत होतं, आणि भुसावळच्या एका कॉम्प्युटर क्लासनं मोडीत काढलेल्या मशीनमध्ये रतिलालला बरं कार्ड सापडलंही.

कौतिक एवढंच म्हणाला, "यातबी जमनं नही ते हायी खोकं लई जा. मी रंगनं नाव सोडसू." झुंबरबाईनं ते ऐकलं आणि तिच्या जिवाला घोर लागला. हा माणूस एकदा बोलला की बोलला.

रविवारी सकाळी रतिलाल कार्ड घेऊन आला. ते खाटेवर ठेवून तो दाजींबरोबर ओट्यावर चहाला बसला. आत झुंबरबाई एकटी. नवा ब्रश रंगात बुडायच्या आधी त्याच्या पितळी गळ्याला हळदकुंकू लावायचं, ही या घरची रीत. ती कधी चुकली नव्हती. मग आजच कशी चुकावी? तिनं कार्ड हातात घेतलं. खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची ओळ चमकत होती. हेच याचं तोंड, असं ठरवून तिनं तिथं ओल्या हळदीचं बोट फिरवलं. वर चिमूटभर कुंकू टेकवलं, ते झडून गेलं. हळद सोन्यात दिसेनाशी झाली.

रतिलालनं कार्ड बसवलं, बटण दाबलं. पडदा काळा. पेटी नुसती कुईकुई ओरडली. काढून पुन्हा बसवलं, तरी तेच.

कौतिक उठला. "लई जा," म्हणाला आणि दाराकडे वळला.

झुंबरबाई पुढे झाली. "थांबा! भाऊ, मीच तठे हळद लायी. नवा ब्रशले लावतस तशी."

रतिलालनं कपाळाला हात लावला. "अक्का, तुनी कमाल शे!" पण तो हसत होता. त्यानं कार्ड काढलं, खिशातल्या खोडरबरानं सोनेरी पट्ट्या दोन्ही बाजूंनी लख्ख घासल्या, फुंकर मारली आणि पुन्हा बटण दाबलं.

पडदा उजळला. रतिलालनं रंगांचा तक्ता उघडला. ओळीमागून ओळी रंग! निळा एक नव्हता. नीळ दिलेल्या धोतरापासून पार रात्रीपर्यंत निळ्याचा अख्खा गोतावळा होता. पिवळ्यात हरभऱ्याची डाळ होती, केळीचं पिकलं पान होतं. झुंबरबाईनं नकळत हात जोडले.

"बठ्ठा, एकूणएक रंग शेतस का?" दारातून कौतिकचा आवाज आला.

"नसतीन ते कालवा," रतिलाल म्हणाला. त्यानं तांबडा, हिरवा, निळा अशा तीन पट्ट्या दाखवल्या. बाणाची कळ दाबावी तसा एकेक रंग कमीजास्त होई आणि शेजारी नवाच रंग तयार होई.

कौतिक बसला. त्याचं बोट कळेवर थडथडत होतं आणि पडद्यावरचा रंग शांतपणे उजळत होता. संसारात पहिल्यांदाच त्यानं बायकोला विचारलं, "आवं, सांग ना, कोनता रंग करू?"

"भरीतना वांगाना."

भरिताचं वांगं जांभळं समजणाऱ्यांनी एकदा खान्देशात येऊन जेवून जावं. कौतिकनं हिरवा घेतला, तो उतरवला, त्यात पांढुरकी झाक आणली, पुन्हा कणभर हिरवा चढवला. ठिपक्याला ठिपका जोडत त्यानं लांबट गोल भरला. झुंबरबाईला तो रंग ओळखू आला. सकाळी बाजारातून आणलेलं, अजून चुलीचं तोंड न पाहिलेलं वांगं काचेत उभं होतं.

"देठकडे जराखा गडद," तिच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं तिथं गडद केलं. मान मागे नेऊन, डोळे बारीक करून पाहिलं. पाट्या रंगवताना तो असाच बघायचा.

पडद्यावरची नजर न काढता कौतिक म्हणाला, "आते दुसरा सांग."