शिळं पाणी

वैशाखाची पहाट. तांबूस, तप्त, रात्रभर जागून डोळे लाल झालेल्या माणसासारखी. डोंगराच्या उघड्याबोडक्या पाठीवर अजून सूर्य नाही, पण धग आधीच खाली उतरलेली. पळस झडले, पांगारे झडले, करवंदीच्या जाळ्या धुळीनं माखल्या. अशा या तृषार्त, होरपळल्या गावात आज पाण्याचा दिवस आहे.

आणि पाण्याच्या दिवशी कुंभारवेशीची गल्ली काय करते? पाणी ओतते.

इथे चार दिवसांआड नळ येतो. तो यायच्या आधी घराघरांतून पिंपं कलंडतात, हंडे पालथे होतात, घागरी उपड्या पडतात. निर्मळ, नितळ, शीतल पाणी भळभळत गटारात जातं. का? तर म्हणे, शिळं झालं. भाकरी शिळी होते, भाजी आंबते, एक वेळ माणूसही नासतो. पाणी कसं शिळं होईल? पण रीत ती रीत, आणि रीतीपाशी अक्कल गहाण.

हे पाणी एकटं जात नाही. एरवी सुकून पडलेल्या गटारातला गाळ, साबण, सगळं कुजकं-नासकं पुढे ढकलत ते ओढ्याच्या डोहात उतरतं. तो डोह या गल्लीची सून असलेल्या कालिंदीनं, सायकलवाल्या दस्तगीरभाईनं आणि गल्लीतल्या मोजक्या माणसांनी हिवाळाभर रविवारी रविवारी उपसला होता. प्लास्टिक काढलं, फाटक्या गाद्या काढल्या. काचा वेचताना कालिंदीचा तळवा चिरला. तेव्हा कुठे काळ्या चिखलाखालच्या आंधळ्या झऱ्यानं डोळा उघडला. पलीकडच्या वस्तीला नळ नाही. तिथली रखमाक्का त्या झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरते.

गेल्या खेपेला पाण्याचा दिवस झाला आणि रखमाक्काची नातवंडं जुलाबानं आडवी पडली. ती भांडायला आली नाही. आली असती तर बरं झालं असतं. रिकामा हंडा घेऊन कालिंदीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "वाईच पाणी दे बाई. पोरं अजून उठंनात."

ते शब्द कालिंदीच्या काळजात निखारा होऊन बसले.

घरात ती थेंब थेंब राखत होती. गळक्या तोट्या तिनं दुरुस्त केल्या, तांदळाचं धुवण कढीपत्त्याला घातलं, आंघोळीचं पाणी केळीला. आणि आज पहाटे उठून बघते, तर मोरीच्या उंबऱ्यावर तिची सासू, मथुराबाई, अर्धं भरलेलं पिंप कलतं करतेय.

"आत्या, ठेवा ते."

"शिळं हाय. नळ यील आता."

कालिंदीचा राग असा भडकला की शब्द ओठांपर्यंत येईतो जळून गेले. ती देवघरात गेली आणि देव्हाऱ्यातला गंगेचा गडू उचलून घेऊन आली. ताम्रवर्णी, तोंड डाख देऊन बंद केलेला, वर्षानुवर्षं हळदकुंकू ल्यालेला.

"हे कवाचं, आत्या?"

मथुराबाईंचा हात थबकला. "ह्येनी काशीवरनं आणल्यालं. तू या घरात यायच्या आदीचं. माझ्या शेवटच्या घोटाला ठेवलंय, ठावं हाय की तुला."

"मग कवाच शिळं झालं असंल. ओतू मोरीत?"

कलत्या पिंपाच्या काठाशी आलेलं पाणी थरथरत होतं. मथुराबाईंनी गडूकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं, मग कालिंदीच्या मोकळ्या तळव्यावरच्या व्रणाकडे पाहिलं. आणि हळूहळू, कण्हत, पिंप सरळ केलं.

नळ घुरघुरला. कालिंदीचा राग मात्र उतरला नाही, कारण बाहेर गल्लीभर पाणी अजून भळभळतच होतं. तिनं गडू देव्हाऱ्यात परत ठेवला नाही. पदराखाली घेतला आणि तोच सवाल विचारायला शेजारच्या दाराकडे निघाली.

"कालिंदे," मागून सासूचा आवाज आला, "जपून ने. पाडशील."

शेजारची कडी वाजली. इकडे पिंपात कालच्या पाण्यावर आजचं पाणी पडत राहिलं, चढत राहिलं, काठोकाठ आलं. आणि कालचं कुठे संपलं, आजचं कुठून सुरू झालं, ते कुणालाच सांगता आलं नसतं.